अक्षर मोठं की सगळंच मोठं? फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज

ठाणे स्टेशनजवळ गोखले रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलात, तर कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासच्या गिऱ्हाइकांमध्ये एखादे काका हमखास दिसतील. "बाळा, अक्षरं जरा मोठी करून दे रे." काउंटरवरचा पोरगा सेटिंगमध्ये जातो, तिथल्या दोन्ही पट्ट्या उजव्या टोकापर्यंत सरकवतो आणि फोन परत देतो. काका खूश. मग घरी बँकेचं ॲप उघडतात, तर खालचं ‘पुढे’ बटणच गायब.

त्या दोन पट्ट्या म्हणजे फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज. सॅमसंगवर दुसरीला स्क्रीन झूम म्हणतात. हल्ली बऱ्याच फोनांत दोन्ही एकाच पानावर, एकीखाली एक असतात आणि कुठलीही सरकवली तरी वरच्या नमुन्यातलं अक्षर मोठं होतं. मग गोंधळ होणारच. पण आतून दोघींचं काम अगदी वेगळं आहे. मी महापेला ॲप तपासण्याचं काम करते. आमच्याकडे येणाऱ्या "स्क्रीन बिघडली" छाप तक्रारींत पहिला प्रश्न हाच असतो: कुठली पट्टी सरकवली होती?

आधी डिस्प्ले साइज. अँड्रॉइडवरचं ॲप आपली मांडणी पिक्सेलमध्ये करत नाही, डीपी नावाच्या मापात करतं. पडद्याची घनता, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, १६० असेल तेव्हा एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. समजा तुमचा फोन १०८० पिक्सेल रुंद आहे आणि घनता ४२० आहे, तर ॲपच्या हिशेबात पडदा सुमारे ४११ डीपी रुंद. डिस्प्ले साइज वाढवली की सिस्टीम ॲपला घनताच वाढवून सांगते, म्हणजे चक्क थाप मारते. घनता ५४० सांगितली की तोच पडदा ॲपला ३२० डीपी रुंद दिसतो. मूळ अँड्रॉइड, म्हणजे फोन कंपनीने फेरफार न केलेलं, ही रुंदी ३२० डीपीच्या खाली जाऊच देत नाही. ॲप बिचारं आपली बटणं, आयकॉन, समास सगळं ठरलेल्या डीपीत मांडतं आणि ते पडद्यावर मोठं उमटतं. ही सोय अँड्रॉइड ७ मध्ये, २०१६ साली आली.

फॉन्ट साइज थाप मारत नाही, विनंती करते. अक्षरांसाठी एसपी नावाचं वेगळं माप आहे. एसपी म्हणजे डीपी गुणिले तुम्ही निवडलेला फॉन्टचा पट. डेव्हलपरने अक्षर एसपीत लिहिलं असेल तर ते वाढतं. त्याने डीपीत लिहून ठेवलं असेल, किंवा अक्षर वाढवायचंच नाही अशी खूण कोडमध्ये केली असेल, तर तुम्ही पट्टी कितीही ओढा, ढिम्म हलत नाही. रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बनवायच्या साधनात त्यासाठी एका ओळीची सोय आहे, आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री ती फार मोहक वाटते. मोठ्या अक्षरांनी मांडणी विस्कटते ना? मग अक्षर वाढायलाच नको! मला हा शुद्ध आळशीपणा वाटतो. वेबच्या सुलभतेचे जे निकष ॲपलाही लावले जातात, त्यांत मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता आला पाहिजे आणि तरी काही हरवता कामा नये, असं स्पष्ट लिहिलं आहे.

डिस्प्ले साइज नाकारणंही ॲपला जमतं, पण त्यासाठी मुद्दाम वाकडी वाट धरावी लागते. म्हणून सहसा कुणी त्या भानगडीत पडत नाही. हट्टी ॲपमध्ये फॉन्टची पट्टी चालत नाही तिथे डिस्प्लेची चालते, ती त्यामुळेच.

जागेच्या हिशेबात सांगायचं तर फॉन्ट वाढवला की वन बीएचके तेवढंच राहतं, फक्त कपाट मोठं येतं. डिस्प्ले वाढवला की सामान तेच राहतं, पण घराचं वन आरके होतं. दुकानातल्या पोराने दोन्ही केलं. इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. फॉन्ट १.३ पट आणि डिस्प्ले (४२० वरून ५४०) सुमारे १.२९ पट, म्हणजे अक्षर जवळजवळ १.६७ पट झालं. त्याला मांडायला जागा मात्र ४११ ऐवजी ३२०. ज्या पानाला वरखाली सरकण्याची सोयच दिलेली नाही, तिथलं शेवटचं बटण पडद्याबाहेर जाणार नाही तर काय?

नेमकी कुठली पट्टी नडली हे ओळखायला आयकॉन बघा. अक्षरांबरोबर तेही फुगले असतील तर डिस्प्ले साइज. आयकॉन होते तेवढेच आणि त्यांच्या शेजारचा मजकूर मात्र दोन ओळींत मोडलेला किंवा तीन टिंबांत संपलेला, तर फॉन्ट.

मराठी ॲपमध्ये फॉन्टच्या पट्टीचा एक खास त्रास आहे, जो इंग्रजी स्क्रीन तपासणाऱ्याच्या नजरेला सहसा पडत नाही. बटणाची उंची डीपीत पक्की बांधलेली असते आणि आतलं अक्षर एसपीत वाढतं. इंग्रजी अक्षराला वरखाली थोडीफार मोकळीक असते, त्यामुळे ते बरंच तग धरतं. आपल्याकडे रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. आधी कापली जातात ती हीच. ‘चालू खाते’चं ‘चाल खाते’ होतं. ‘रक्कम वर्ग करा’ मधला रफार उडाला की उरतं ‘रक्कम वग करा’. टेस्टिंगच्या शीटमध्ये मी असे शब्द मुद्दाम भरून ठेवते आणि फॉन्ट कमाल करून एकेक बटण बघते. उपाय साधा आहे: बटणाला ठरावीक उंचीऐवजी किमान उंची द्या आणि ते आतल्या मजकुराप्रमाणे वाढू द्या. तरीही डिझाइनवाल्याशी दर वेळी वाद होतो. त्याला सगळी बटणं एका रांगेत, एकाच उंचीची हवी असतात.

अँड्रॉइड १४ ने २०२३ साली फॉन्टची मर्यादा २०० टक्क्यांपर्यंत नेली. आधी गूगलच्या पिक्सेल फोनवर ती १३० टक्के होती. त्याबरोबर एक शहाणपणाही केला: सगळी अक्षरं सारख्या पटीत वाढत नाहीत. बारीक मजकूर भरपूर वाढतो, आधीच मोठं असलेलं शीर्षक कमी वाढतं. काकांना शीर्षक वाचता येतच होतं, अडत होतं ते खालच्या बारीक ओळीत.

आयफोनवर जोडी तीच, नावं वेगळी. टेक्स्ट साइजची पट्टी विनंती करणारी. २०१३ च्या आयओएस ७ पासून ॲपला तिचं ऐकायची सोय मिळाली, पण ॲपने ती वापरली असेल तरच फरक दिसतो. डिस्प्ले झूम ही थाप मारणारी, २०१४ च्या आयफोन ६ बरोबर आलेली. तिथे पट्टी नाही, आयफोनवर दोनच पर्याय, आणि त्यातल्या मोठ्याचं नाव हल्ली ‘लार्जर टेक्स्ट’ आहे. वाढतं सगळंच, नाव मात्र अक्षरांचं! ॲपलकडे एक गोष्ट चांगली आहे: आयओएस १५ पासून फक्त एका ॲपपुरता मजकूर मोठा करता येतो. अँड्रॉइडवर एवढ्यासाठी त्या ॲपच्या स्वतःच्या सेटिंगवर विसंबावं लागतं.

आणि ॲपची स्वतःची सेटिंग ॲपच्या कुंपणापुरतीच. "तुमच्या ॲपमध्ये अक्षर मोठं केलं, पण परवानगी मागणारी चौकट बारीकच आहे," अशी तक्रार आमच्याकडे येते. ती चौकट आमची नाहीच. ती सिस्टीम काढते. वरची बॅटरी-नेटवर्कची पट्टी आणि नोटिफिकेशनचा पडदाही तिचाच. कीबोर्ड तर वेगळंच ॲप, त्याची उंची त्याच्या सेटिंगमध्ये वाढवावी लागते. आम्ही कितीही ठरवलं तरी यातलं काही आमच्या ॲपमधून मोठं करता येत नाही.

तेव्हा घरच्या कुणाचा फोन हाती आला तर आधी डिस्प्ले साइज मूळ जागी आणा आणि एकटा फॉन्ट वाढवून रोजची चार ॲप उघडून बघा: बँक, लोकलचं वेळापत्रक, वीजबिल, मेसेज. एखादं हट्टी निघालं तरच डिस्प्ले एक घर पुढे करा. तरीही नाहीच भागलं, तर सुलभतेच्या सेटिंगमध्ये मॅग्निफिकेशन सुरू करून ठेवा. त्याला ॲपला काही विचारावं लागत नाही, पडद्यावर जे असेल ते तो मोठं करतो, अगदी जाहिरातीच्या चित्रातलं बारीक ‘अटी लागू’ सुद्धा.