तिसऱ्या दिवशीची कळ: साधा ठणका की ड्राय सॉकेट?

आईची खालची दाढ काढली. पहिली रात्र तळमळण्यात गेली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती गुरगुट्या भात जेवली आणि आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने कान धरला. "कानात तेल घाल गं, कान ठणकतोय," म्हणाली. कान ठणठणीत होता. दुखत होता तो दाढेचा रिकामा खळगा.

दाढ निघाली की त्या खळग्यात रक्त साकळून गाठ धरते. ही गाठ फार मोलाची. खालचं हाड आणि नसा तिने झाकलेल्या असतात आणि तिच्याच आधाराने जखम भरून येते. गाठ जागेवर असेल तर होतो तो साधा ठणका. ती निसटली किंवा नीट धरलीच नाही, तर हाड उघडं पडतं. त्याला डॉक्टर ड्राय सॉकेट म्हणतात.

दोन्हींत दुखतंच, म्हणून गल्लत होते. पण दुखण्याची चाल वेगळी असते. साधा ठणका भूल उतरली की सुरू होतो आणि मग दिवसागणिक कमी होतो. गालाची सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, तिला लगेच घाबरू नका. ड्राय सॉकेटची कळ बहुधा दुखणं ओसरतंय असं वाटत असताना, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उठते. ती कानात, कानशिलात, कधी डोळ्यापर्यंत जाते. तोंडाला घाण चव आणि वास येतो, नेहमीच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. खालच्या अक्कलदाढेला हा धोका सगळ्यात जास्त.

आरशासमोर मोबाइलचा टॉर्च धरून पाहिलंत आणि खळग्यात काळपट लाल गाठ दिसली तर ठीक. पिवळट-पांढरा मऊ थर दिसला तरी बहुतेक वेळा ठीकच, ती जखम भरत असल्याची खूण. त्याला पू किंवा भाताचं शीत समजून काडीने खरवडणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. खळगा पोकळ आणि तळाशी पांढुरकं हाड दिसलं, तर दवाखाना गाठा. ताप आला, पू आला किंवा उतरलेली सूज पुन्हा चढली, तर जंतुसंसर्गाची शंका घ्या आणि त्याच दिवशी जा.

गाठ टिकते की जाते, यात आपल्या खाण्यापिण्याचाही वाटा असतो. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, जोराने थुंकायचं नाही, काही ओढून प्यायचं नाही. आजारी माणसाला आपण हमखास शहाळं देतो, तेही नळी घालून. शहाळं द्या, पण पेल्यात ओतून. गार ताक, कोमट पेज, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं चालतं. चिवडा, शेव, तीळ, कडक भाकरी काही दिवस नको. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालायचं, ते तोंडात हलकेच घोळवायचं आणि मान कलती करून गळू द्यायचं.

आणि तंबाखू. विडी-सिगारेट ओढल्याने ड्राय सॉकेटचा धोका वाढतो, आणि तोंडात धरायची तंबाखूही ओल्या जखमेला घातकच. आईने दुसऱ्याच दिवशी सकाळी मशेरी लावली होती. घरात मशेरी लावणारं कुणी असेल, तर दाढ काढायच्या आधीच डबी उचलून ठेवा.

ड्राय सॉकेटवर घरी लवंगेचं तेल ओतू नका, नुसत्या तेलाने जखम पोळते. दवाखान्यात खळगा धुऊन औषधाची पट्टी भरतात. गंमत म्हणजे त्या औषधातही बहुधा लवंगेचाच अर्क असतो, पण मोजून घातलेला. आईला पट्टी भरली आणि घरी पोचेपर्यंत तिचा कानावरचा हात खाली आला होता.