बीमशॉट : टॉर्चच्या झोताचे तुलनात्मक छायाचित्रण

टॉर्चचा झोत भिंतीवर किंवा मोकळ्या जागेत पाडून, कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग आधीच पक्क्या करून काढलेला फोटो म्हणजे बीमशॉट. दोन किंवा अधिक टॉर्चचे असे फोटो शेजारी ठेवले, की कोणाचा झोत लांब जातो, कोणाचा पायाशी पसरतो आणि कोणाच्या कडेला पिवळट किंवा जांभळट छटा उतरते, हे आकडे न वाचताही दिसते. मराठीत टॉर्चला विजेरी म्हणतात, गावाकडे नुसते ‘बॅटरी’. या छंदातली माणसे मात्र हॉटस्पॉट, स्पिल, थ्रो (झोताचा पल्ला) असेच शब्द वापरतात, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत. एकट्या बीमशॉटला जवळजवळ काहीच अर्थ नसतो, हे आधीच सांगितलेले बरे. शटर पुरेसा वेळ उघडे ठेवले तर एका मेणबत्तीतही अख्खे अंगण उजळलेले दाखवता येते. त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर काढलेला दुसऱ्या टॉर्चचा फोटो शेजारी असेल, तरच पहिला काही सांगू लागतो.

टॉर्चच्या खोक्यावर बहुधा ल्यूमेनचा आकडा ठळक छापलेला असतो. टॉर्चमधून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, ते ल्यूमेन सांगते; तो प्रकाश कुठे पडतो हे सांगत नाही. एखाद्या दिशेने झोत किती तीव्र आहे हे कँडेलात मोजतात आणि प्रत्यक्ष पृष्ठभागावर किती प्रकाश पोचला ते लक्समध्ये. अंतर दुप्पट झाले की लक्स चौथाईवर येतो. अमेरिकेत २००९ साली आलेल्या एएनएसआय एफएल १ या टॉर्चच्या मोजणीच्या मानकानुसार, ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्सपर्यंत उतरतो ते टॉर्चचे ‘बीम डिस्टन्स’. ०.२५ लक्स म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या रात्रीचे चांदणे, साधारण तेवढेच. हिशेब सोपा आहे : कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की मीटर मिळतात. समजा एका टॉर्चचे १००० ल्यूमेन आणि १०,००० कँडेला आहेत, तर तिचे अंतर २०० मीटर. दुसरीचे ५०० ल्यूमेन आणि ९०,००० कँडेला असतील, तर ६०० मीटर. म्हणजे निम्म्या ल्यूमेनची टॉर्च तिप्पट लांब पोचते. मात्र चांदण्याएवढ्या उजेडात माणूस आहे की झुडूप हेही नीट कळत नाही, त्यामुळे खोक्यावरच्या मीटरांतले बरेचसे मीटर कामाचे नसतात. बीमशॉटची गरज इथे लागते.

झोताची अंगे : मधला प्रखर गोल तो हॉटस्पॉट, भोवतालचा मंद पसारा तो स्पिल, आणि या दोहोंच्या मधली धूसर कड ती कोरोना. आरशासारखा गुळगुळीत आणि खोल रिफ्लेक्टर हॉटस्पॉट लहान व कडक करतो. संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत रिफ्लेक्टर त्याची कड मऊ करतो आणि झोतातली वर्तुळे पुसतो; त्या बदल्यात थोडा पल्ला जातो. काही टॉर्चमध्ये रिफ्लेक्टरऐवजी पारदर्शक प्लास्टिकचे घन भिंग असते. त्यात हॉटस्पॉट आणि स्पिल यांची सीमा सहसा तितकी ठळक नसते. रिफ्लेक्टर, भिंग काहीच नसलेली टॉर्च नुसता सपाट उजेड टाकते. पल्ला अगदी थोडा, पण जवळचे काम करायला फार सुखाचा. एलईडी रिफ्लेक्टरच्या नाभीवर नेमका बसला नसेल, तर झोताच्या मध्यभागी मेदुवड्यासारखे काळपट भोक दिसते. जुन्या, डोके फिरवून झोत लहानमोठा करायच्या बल्बच्या टॉर्चमध्ये हे भोक सर्रास दिसे.

दोन उजेड तोलून पाहण्याची ही खटपट कॅमेऱ्यापेक्षा जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांनी १७२९ सालच्या प्रबंधात दोन दिव्यांचा प्रकाश शेजारी-शेजारी पाडून तुलना करण्याची रीत मांडली. योहान लँबर्ट या गणितज्ञाचा प्रकाशमापनावरचा ग्रंथ १७६० चा. पुढे भौतिकशास्त्रज्ञ रमफर्ड यांनी एकाच काठीच्या दोन दिव्यांमुळे पडणाऱ्या दोन सावल्या जुळवल्या, तर रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांनी कागदावर तेलकट डाग पाडून तो दोन दिव्यांच्या मध्ये धरला. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड आला की डाग नाहीसा झाल्यासारखा वाटतो. या सगळ्यांनी एक गोष्ट हेरली होती. ‘हा दिवा त्याच्या किती पट?’ या प्रश्नावर डोळा हमखास फसतो. ‘दोन्ही सारखे आहेत का?’ यावर मात्र क्वचितच. डोळ्याला जाणवणारा उजेड प्रत्यक्ष उजेडाच्या साधारण घनमुळाप्रमाणे वाढतो. दुप्पट ल्यूमेनची टॉर्च म्हणूनच जेमतेम सव्वापट उजळ वाटते आणि दुप्पट उजळ वाटायला आठपट प्रकाश लागतो. नवी, महाग टॉर्च घरी आणून जुन्या शेजारी लावल्यावर होणाऱ्या हिरमोडाचे मूळ बहुधा हेच.

भिंतीवरचा बीमशॉट : भिंत पांढरी आणि मुख्य म्हणजे चमक नसलेली हवी. ऑइल पेंटवर हॉटस्पॉटचे प्रतिबिंब उमटते, चुना किंवा डिस्टेंपर चालतो. खोली लहान आणि छतही पांढरे असेल, तर छतावरून परतलेला उजेड स्पिलमध्ये मिसळतो आणि स्पिल आहे त्यापेक्षा दाट दिसते. कॅमेरा ट्रायपॉडवर, टॉर्चच्या अगदी शेजारी, भिंतीला काटकोनात. मोड मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र), शटर आणि फोकस पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत तेच. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे कोणती छटा पांढरी धरायची ते, एका आकड्यावर बांधायचा, बहुतेक जण ५००० ते ५५०० केल्व्हिनच्या दरम्यान ठेवतात. हा ऑटोवर राहिला तर कॅमेरा ६५०० केल्व्हिनचा निळसर एलईडी आणि ३००० केल्व्हिनचा पिवळा एलईडी दोघांनाही पांढरेफटक करून टाकतो, आणि छटेची तुलना तिथेच संपते.

अवघड जागा हॉटस्पॉटची. वरच्या उदाहरणातल्या दोन टॉर्च दोन मीटरवरून भिंतीवर मारल्या तर हॉटस्पॉटमध्ये २,५०० आणि २२,५०० लक्स पडतात. नऊपट फरक, म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत तीन स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). हॉटस्पॉट आणि स्पिल यांतला फरक तर याहून कितीतरी मोठा असू शकतो. स्पिल दिसेल असे एक्सपोजर ठेवले, की दोन्ही हॉटस्पॉट सारखेच पांढरे होतात. सेन्सर भरून वाहू लागला की त्यापुढे कितीही प्रकाश आला तरी फोटोत तो पांढराच, आणि नऊपट फरक गडप होतो. म्हणून जाणकार एका टॉर्चचे तीन-चार फोटो काढतात. पहिला स्पिलसाठी, मग दोन-दोन स्टॉप उतरत, शेवटचा इतका काळा की त्यात फक्त हॉटस्पॉटचा गाभा उरावा. झोताची खरी ठेवण या काळ्या फोटोतच उघडी पडते : भोक, वर्तुळे, एलईडीच्या चौकोनाची सावली. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद म्हणून, घेतला तर उत्तम, कारण रॉमधले आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात असतात. जेपीईजी बनताना कॅमेरा काळोख उचलतो आणि उजेड दाबतो.

भिंत जवळ असण्याचा आणखी एक तोटा आहे. मोठ्या रिफ्लेक्टरचा झोत काही मीटर गेल्याशिवाय नीट बांधला जात नाही, आणि अंतराच्या वर्गाचा नियमही (अंतर दुप्पट, लक्स चौथाई) त्याआधी लागू पडत नाही. अशा टॉर्चचे कँडेला एका मीटरवर मोजले तर आकडा चुकतो. मोजणी लांबून करून मग हिशेबाने एका मीटरवर आणावी लागते.

मैदानातला बीमशॉट : लांब पल्ल्याच्या टॉर्चना उघड्यावरच न्यावे लागते. जागा अशी निवडतात की ठरावीक अंतरावर खुणा असाव्यात, ५० मीटरवर झाड, १०० वर विजेचा खांब, २०० वर बांध. अंतर आधी मोजून ठेवलेले असते. शटर काही सेकंद उघडे राहते, त्यामुळे बटण हाताने न दाबता टायमर लावतात. टॉर्च बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढणे ही या प्रकारातली सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक विसरली जाणारी खबरदारी. चंद्र, लांबच्या गावाचे दिवे, ढगांवरून परतणारा शहराचा उजेड, हे सगळे टॉर्चच्या नावावर जमा होऊ नये म्हणून तो फोटो. एक ओळखीची टॉर्च प्रत्येक वेळी सोबत ठेवली, तर महिन्यांच्या अंतराने काढलेले फोटोही एकमेकांशी ताडून पाहता येतात.

हवेचा हिशेब वेगळा. धूळ, धुके किंवा पावसाची भुरभुर असली की झोत बाजूने तलवारीसारखा दिसतो. असे फोटो देखणे असतात, त्यावर लोक भाळतातही. पण दिसते ती हवेतल्या कणांवरून विखुरलेली, म्हणजे लक्ष्यापर्यंत न पोचलेली वाट चुकलेली किरणे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रात्री प्रखर टॉर्च लावणाऱ्याला हे लगेच कळते : समोर पांढरी भिंत उभी राहते आणि वाट नाहीशी होते.

टॉर्चच्या बाजूनेही शिस्त लागते. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि प्रत्येक टॉर्च लावल्यापासून सारख्याच वेळाने फोटो घ्यायला हवा. प्रखर टॉर्च तापली की काही मिनिटांत स्वतःहून उजेड कमी करते. एफएल १ मानकातही ल्यूमेन पहिल्या क्षणी न मोजता ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान मोजतात. काही टॉर्च कमी उजेडासाठी एलईडी वेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला ते कळत नाही, पण जलद शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात. शटर लांबवले की पट्टे जातात. एकूण ल्यूमेनचा अंदाज हवा असेल, तर फोटोपेक्षा घरगुती उपाय बरा : बंद खोलीत झोत छतावर मारून कोपऱ्यात ठेवलेल्या लक्समीटरचा आकडा वाचायचा. ल्यूमेन माहीत असलेल्या टॉर्चशी तो ताडला की काम भागते.

मोबाइलवर काढलेल्या बीमशॉटकडे संशयानेच पाहावे. नाइट मोड आणि एचडीआर वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो एकत्र शिवतात, काळोख उजळतात, हॉटस्पॉट आवरतात. दोन टॉर्चमधला जो फरक टिपायचा, तोच ते मिटवतात. प्रो मोडमध्ये सगळे हाताने बांधता आले तर मोबाइलही चालतो.

फोटो वाचताना बहुतेकांची नजर हॉटस्पॉटवर जाते. दरीपलीकडची वाट शोधणाऱ्याला ते ठीक. शेतीपंपाची वीज रात्री आली म्हणून बांधावरून पाणी द्यायला निघालेल्या माणसाला मात्र पायाजवळचा साप दिसायला हवा. त्याने फोटोचा खालचा तिसरा भाग पाहावा, तिथे स्पिल कुठपर्यंत सलग आहे आणि कुठे तुटते ते. छटेबद्दल एक अडचण उरतेच. अंधारात डोळ्याची संवेदना ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्यापासून ५०७ च्या निळसर-हिरव्याकडे सरकते. पुर्किंये परिणाम म्हणतात तो हाच. कॅमेऱ्याचा सेन्सर असा सरकत नाही. त्यामुळे झोताच्या मंद टोकाला डोळा जे पाहतो आणि फोटो जे दाखवतो, ते सेटिंग कितीही नेमके बांधले तरी एकसारखे येत नाही.