घरी लिहिलेला ब्राउझर: बंद झालेली वाट पुन्हा कशी उघडली

‘मी स्वतःचा ब्राउझर बनवलाय’ असं कोणी म्हटलं की जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘इंजिन कुठलं?’ प्रश्न खवचट वाटतो, पण रास्त आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंग साधनाच्या काळात फॉर्मवर वेब ब्राउझर कंट्रोल, म्हणजे पान दाखवणारा तयार भाग, ओढून टाकायचा, वर पत्त्याची चौकट, बाजूला मागे-पुढे जायची बटणं, की झाला ब्राउझर तयार. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे कितीतरी प्रोजेक्ट असेच उभे राहिले. जावावाले त्या भाषेतला तसलाच तयार भाग, जे-एडिटर-पेन, वापरायचे. त्याला एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेच्या, ३.२ आवृत्तीपुढचं फारसं काही कळत नसे. व्हिज्युअल बेसिकवाल्यांचं पान खरं तर इंटरनेट एक्सप्लोररच दाखवायचा. त्यात कमीपणा काही नाही. चीनमधला मॅक्सथॉन, म्हणजे आधीचा मायआयई२, याच वाटेने मोठा झाला. आज त्या कंट्रोलच्या जागी क्रोमियम, म्हणजे गूगलच्या क्रोमचा खुला पाया, आहे, एवढाच फरक.

एचटीएमएल वाचायचं, सजावटीचे सीएसएस नियम लावायचे, प्रत्येक शब्दाची जागा ठरवायची आणि पानातले जावास्क्रिप्ट भाषेतले प्रोग्राम चालवायचे, ही इंजिनाची कामं. ते इंजिन घरी लिहिणं ही वेगळीच गोष्ट. सुरुवातीला मात्र सगळीच इंजिनं जवळपास घरगुती होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला. १९९१ मधल्या एचटीएमएलच्या पहिल्या टिपणात जेमतेम १८ टॅग, म्हणजे मजकुरात घालायच्या खुणा, होते. १९९२ मध्ये हेलसिंकीच्या चार विद्यार्थ्यांनी अर्वाइज आणला आणि बर्कलीच्या पेई-युआन वेई या विद्यार्थ्याने व्हायोला. हुशार विद्यार्थ्याला एका सत्रात झेपेल एवढंच ते काम होतं.

ही वाट बंद झाली ती टॅग वाढले म्हणून नव्हे. नेटस्केपने १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट आणली, त्याने काम वाढलं, हे खरं. पण खरी अडचण होती लोकांच्या चुकांची. समजा, पान लिहिणाऱ्याने ठळक अक्षरांचा टॅग उघडला, त्याच्या आत तिरप्या अक्षरांचा उघडला, आणि बंद करताना आधी ठळकचा बंद केला. आता तिरपा कुठवर चालायचा? एचटीएमएलच्या प्रमाण नियमावलीत एवढंच म्हटलेलं की असं लिहू नये. लिहिलंच तर काय करायचं, यावर ती गप्प. नेटस्केपने एक उत्तर शोधलं, इंटरनेट एक्सप्लोररने दुसरं, आणि लाखो पानं ‘आमच्याकडे तर नीट दिसतंय’ म्हणत त्या उत्तरांवर विसंबून राहिली. घरी बसून इंजिन लिहिणाऱ्याला ती नियमावली पाळून भागत नव्हतं. दुसऱ्याच्या, तेही बंद कुलपातल्या, प्रोग्रामचं वागणं अंदाजाने ओळखायचं आणि ते चुकांसकट उतरवायचं होतं.

म्हणून हौशी मंडळींनी मुद्दामच छोटा घास घेतला. चिलीतल्या होर्हे अरेयानो सिद यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला डिलो हा ब्राउझर जावास्क्रिप्टच्या वाटेला गेलाच नाही. जुन्या, अशक्त संगणकांवर तो पळायचा. रिस्क ओएस या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या नेटसर्फने स्वतःचं इंजिन लिहिलं आणि १.० आवृत्तीला २००७ उजाडलं. दोन्ही प्रकल्प आजही चालू आहेत. डिलोची ३.१ आवृत्ती तर जवळपास नऊ वर्षांच्या खंडानंतर २०२४ मध्ये आली.

याच काळात केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या प्रोग्रामरांनी लिनक्ससाठी केएचटीएमएल हे इंजिन लिहिलं. ॲपलने त्यावरून वेबकिट केलं आणि २००३ मध्ये सफारी दाखवला. गूगलने २०१३ मध्ये वेबकिटपासून ब्लिंक वेगळं काढलं. म्हणजे आज क्रोम ज्या इंजिनावर चालतो त्याची पाळंमुळं केडीईतल्या हौशी कामात आहेत. ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये क्रोमियमवर जायचं जाहीर केलं, आणि मैदानात मोठी इंजिनं तीनच उरली: ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको.

वाट पुन्हा उघडली ती कागदपत्रांमुळे, असं माझं ठाम मत आहे. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरातल्या काही जणांनी व्हॉटडब्ल्यूजी हा गट काढला. इयन हिक्सन यांच्या संपादनाखाली त्यांनी रटाळ पण अफाट काम केलं: चुकीचं एचटीएमएल नेमकं कसं वाचायचं, ते पायरीपायरीने लिहून काढलं. वर सांगितलेल्या ठळक-तिरप्याच्या गुंत्याला तिथे स्वतंत्र अल्गोरिदम आहे, त्याचं नाव ‘अडॉप्शन एजन्सी’. जोडीला सगळ्या इंजिनांसाठी सामायिक चाचण्यांचा खुला संच तयार झाला. काम प्रचंडच राहिलं, पण अंदाज बांधायची गरज संपली.

आंद्रेयास क्लिंग यांचा लेडीबर्ड हा ब्राउझर या पायावर उभा आहे. स्वीडनमधले क्लिंग नोकिया आणि ॲपलमध्ये वेबकिटवर काम केलेले, त्यामुळे त्यांना हौशी म्हणणं अर्धंच खरं. व्यसनमुक्तीचे उपचार संपल्यावर वेळ घालवायला त्यांनी २०१८ मध्ये सेरेनिटी ओएस ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. नियम एकच, बाहेरचा कोड नाही. २०१९ मध्ये तिच्यासाठी एचटीएमएल दाखवणारी लायब्ररी सुरू झाली, २०२२ मध्ये त्यातून लेडीबर्ड आला. जून २०२४ मध्ये तो सेरेनिटीपासून वेगळा झाला. पुढच्याच महिन्यात गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाचे सहसंस्थापक ख्रिस वॉनस्ट्राथ यांच्यासोबत ना-नफा संस्था जाहीर झाली, दहा लाख डॉलर्सचा शब्द मिळाला आणि अल्फा, म्हणजे पहिल्या चाचणीच्या, आवृत्तीसाठी २०२६ हे साल ठरलं.

वेगळं होताना बाहेरच्या कोडवरची बंदी उठली. चित्रणासाठी स्किया आलं, अक्षरजुळणीसाठी हार्फबझ. काहींना ती तडजोड वाटली. मराठी वाचणाऱ्याला ती वाटू नये. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. संगणकात ऱ्हस्व वेलांटी ‘थ’च्या नंतर साठवलेली असते, पण काढायची असते अर्ध्या ‘स’च्याही आधी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला ‘र’ वेगवेगळा काढायचा, हेही कुणीतरी सांगावं लागतं. एका अक्षरसंकेताला एक चित्र असं धरून लिहिलेल्या इंजिनात या शब्दांचे तुकडे पडतात. जगातल्या सगळ्या लिप्यांचे असले नियम एकट्याने लिहायला आयुष्य पुरायचं नाही.

भारत सरकारनेही ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. २०२५ मध्ये निकाल लागून एक कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस झोहोला मिळालं. झोहोचा उला ब्राउझर क्रोमियमवर चालतो, तेव्हा इंजिनाचा प्रश्न तिथेही आहेच.

आता अडतं ते ब्राउझर लोकांपर्यंत पोचवताना. पैसे भरून पाहायचे चित्रपट ब्राउझरमध्ये चालायचे तर बहुतेक ठिकाणी गूगलचं वाइडवाइन हे नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप लागतं. २०१९ मध्ये एका स्वतंत्र प्रोग्रामरने आपल्या मुक्तस्रोत ब्राउझरसाठी ते मागितलं. चार महिने ताटकळल्यावर नकार आला. आयफोनवर तर वर्षानुवर्षं वेबकिटशिवाय दुसऱ्या इंजिनाला परवानगीच नव्हती. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये तिथे दार किलकिलं झालं, तेही सामायिक वेब चाचण्यांपैकी ९० टक्के आणि जावास्क्रिप्टच्या ८० टक्के चाचण्या पास होणाऱ्या इंजिनापुरतं. ती सवलत भारताला लागू नाही. पुण्यातल्या आयफोनवर क्रोम उघडा की फायरफॉक्स, पान वेबकिटच दाखवतं.