स्लालॉम (शब्दाची व्युत्पत्ती)

स्लालॉम हा नॉर्वेजियन सामासिक शब्द नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मॉर्गेदाल खोऱ्याच्या बोलीतून जगभर गेला. इंग्रजीमार्गे तो आपल्याकडे ‘स्लॅलम’ होऊन पोचला आणि खांबांमधून नागमोडी जाण्याची शर्यत एवढाच त्याचा अर्थ उरला. मूळ शब्दात खांब नाहीत, वळणही नाही.

फोड ‘स्ला’ + ‘लॉम’ अशी करायची. ‘स्ला’ म्हणजे मंद उताराचा. ‘लॉम’ म्हणजे काही ओढत नेल्यावर मागे उमटणारी वाट. बर्फावरून ओंडका फरफटत नेला की जो दबलेला पट्टा राहतो, तसा. म्हणजे स्लालॉम ही मंद उतारावरची स्कीची वाट. पहिले पद विशेषण आणि दुसरे नाम, म्हणून आपल्या व्याकरणात हा सरळ कर्मधारय ठरतो. ‘फ्रिलुफ्ट्सलिव’ (मोकळ्या हवेतले जगणे) या दुसऱ्या नॉर्वेजियन शब्दात ‘लुफ्ट’ आणि ‘लिव’ यांना जोडणारा ‘स्’ येतो. इथे तसा सांधा नाही.

‘लॉम’चे भाऊबंद पाहिले की अर्थ पक्का होतो. खड्या कड्यावरून उतरणारी ती उफ्सेलॉम, उड्यांची ती हॉपलॉम, उंचवट्यांची ती क्नाइकेलॉम. वळणांच्या वाटेला तर स्विंगलॉम असा वेगळाच शब्द होता. त्यामुळे ‘स्लालॉम म्हणजे नागमोडी’ ही व्युत्पत्ती चुकीचीच.

अर्थ बदलला तो खेळामुळे. आधुनिक स्कीइंगचा जनक मानला जाणारा सोंद्रे नूरहाइम (१८२५–१८९७) याच खोऱ्यातला. १९२२ मध्ये ब्रिटिश स्कीपटू आर्नल्ड लन यांनी स्वित्झर्लंडमधील म्युरेन येथे फाटकांची (खांबांच्या जोड्यांमधून जाण्याची) शर्यत आखली आणि नाव जुनेच ठेवले. १९४८ च्या सेंट मॉरिट्झ हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिला स्वतंत्र पदके मिळाली. पुढे होड्यांच्या शर्यतीनेही हेच नाव उचलले. तिथे तर बर्फही उरला नाही.

लेखनाचा घोटाळा दुसऱ्या स्वरात आहे. नॉर्वेजियनमध्ये तो डोक्यावर वर्तुळ असलेल्या ‘a’ने लिहितात, १९१७ च्या शुद्धलेखन सुधारणेपूर्वी तिथे दोन ‘a’ लिहीत. उच्चार ‘ऑफिस’मधल्या ‘ऑ’जवळचा. इंग्रजीने तिथे ‘o’ घातला, पण आघात पहिल्या अक्षरावर असल्याने तो स्वर बोलताना विरून ‘लम’ झाला. वाट सांगणारे पदच त्यात ओळखू येईनासे झाले. मराठीत ‘स्लालॉम’ लिहिले तर दोन्ही पदे दिसतात, म्हणून तेच रूप बरे.