उभ्या पिकाखालचं गाव

नाशिकच्या पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळातलं, राज्यवर्ष २४ मधलं एक फर्मान कोरलेलं आहे. डोंगरावरच्या भिक्षूंना पूर्वी कखडी गावातलं शेत दिलं होतं. पण ते शेत कोणी कसत नाही आणि गावात वस्तीही नाही, म्हणून नगराच्या शिवेवरची १०० निवर्तनं (निवर्तन हे जमीन मोजायचं जुनं माप) राजजमीन बदल्यात द्यावी, असा तो हुकूम. गाव उठल्याची इतकी जुनी सरकारी नोंद क्वचितच वाचायला मिळते. अशी उठलेली गावं पुढे नांगराखाली जातात. ती हुडकायची एक रीत म्हणजे उभं पीक वरून पाहणं.

वस्तीभोवती कधीकाळी खंदक होता असं समजा. तो गाळ, राख, केरकचऱ्याने बुजला. हा भराव खोल आणि भुसभुशीत, त्यामुळे ओल धरून ठेवतो. पाऊस थांबून वरची ओल उडाली की आजूबाजूचं पीक पिवळं पडू लागतं, खंदकावरचं मात्र हिरवंच राहतं, उंचही वाढतं. खाली दगडी पाया किंवा चोपलेली जमीन असेल तर उलटं घडतं: मुळं अडतात, पीक खुरटतं आणि आधी पिकतं. बांधावरून नुसते कमी-जास्त उंचीचे पट्टे दिसतात. त्यांचं वर्तुळ किंवा चौकोन होतो तो आकाशातून. गहू, बार्ली यांसारखी दाट पेरलेली पिकं यासाठी उत्तम.

इंग्लंडमध्ये १९२५ साली गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या शेतात ठिपक्यांची वर्तुळं दिसली. उत्खननात ते लाकडी खांबांचे खड्डे निघाले. त्या जागेला आज वुडहेंज म्हणतात. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या प्रागैतिहासिक थडग्याजवळ ड्रोनच्या छायाचित्रांत असंच एक प्रचंड वर्तुळ उमटलं. अवर्षण ही या शास्त्राची सुगी!

ही रीत नाशिकला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपली काळी माती मुळातच ओल धरून ठेवणारी, त्यामुळे भराव आणि भोवतालची जमीन यांतला फरक कमी. शिवाय उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती आत ढासळते आणि जुन्या खड्ड्यांच्या कडा पुसट होतात. पावसाळ्यात ढग, आणि ओलीला तोटाही नाही. उरतो तो जिरायती रब्बीचा हंगाम: सिन्नर, येवल्याकडच्या हलक्या जमिनीवरचा गहू पिवळा पडायला लागतो ते थोडे आठवडे. ठिबकवरच्या द्राक्षबागेत मात्र आशा धरू नये. पाणीच सगळीकडे सारखं पोचतं.

म्हणून मला इथे पिकापेक्षा मातीचा रंग अधिक भरवशाचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या साचलेली राख, शेण आणि ढासळलेल्या मातीच्या भिंती यांची पांढर होते. चैत्र-वैशाखात रान नांगरून पडलं की काळ्यात हा फिकट डाग उठून दिसतो. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रं १९९५ साली खुली झाली. ठिबक येण्याआधीचं रान पाहायला ती उपयोगी. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं दर काही दिवसांनी फुकट मिळतात, पण त्यांचा एक ठिपका १० मीटरचा. त्यात टेकाड कळेल, झोपडं नाही. ड्रोन उडवायचा तर ओझर-देवळालीच्या आसपास आधी परवानगीचा नकाशा बघावा.

शोधायचं काय, याची कल्पना आपल्याला आहे. १९५०-५१ साली सांकळिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी नाशिक आणि प्रवरेकाठच्या जोर्वे इथे उत्खनन केलं. या गावावरून नाव पडलेल्या, ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीचंच पुणे जिल्ह्यातलं इनामगाव. तिथे घरांबरोबर पाण्याचा कालवा आणि बांधही सापडला. कालवा म्हणजे लांबलचक बुजलेला चर, अगदी पिकात उमटावा असा.

फसवणूकही भरपूर होते. जुन्या खळ्याची चोपलेली जागा गोल झोपडीसारखी खुरटी दिसते, उकिरड्याची जागा हिरवीगार. बुजवलेली विहीर, पाइपलाइनचा चर, चोपण म्हणजे खारवट जमीन, सगळ्यांच्या खुणा उमटतात. त्यामुळे चित्र हातात घेऊन आधी गावातल्या जुन्या माणसांना विचारावं, मग मालकाच्या परवानगीने रानात फिरावं. लाल-नारिंगी अंगावर काळ्या रेघांची नक्षी, टिचकी मारल्यावर खणखणणारी खापरं दिसली तर जोर्वेचा संशय घ्यायला हरकत नाही. ती उचलायची नाहीत; जागेवरच फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवायचं.

पण पांढरीची माती शेतकरी खत म्हणून गाड्या भरभरून नेतात. ती पसरली की दुसऱ्याच रानात फिकट डाग पडतो आणि त्यात खापरंही असतात. खापरं खरी, जागा खोटी. निकाल लावायला विहिरीची किंवा चराची उघडी कड पाहावी: पसरलेली माती नांगरटीच्या खोलीपर्यंतच असते, वस्तीची पांढर राखेच्या थरांसकट खाली जाते.