एमएससाठी एलओआर (शिफारसपत्र): कोणाकडून घ्यायचं, त्यात काय असावं आणि गाडी नेमकी कुठे अडकते

दरवर्षी ऑक्टोबर आला की तेच सुरू होतं. जीआरई झाली, टोफेल झाली, एसओपी (आपण हे का शिकतोय ते सांगणारा निबंध) दहा वेळा खोडून झालं, ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा अधिकृत कागद) युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर चकरा मारून झाल्या आणि फॉर्म अडकलाय कशावर, तर तीनपैकी एका सरांचं पत्रच आलेलं नाही. किंवा आलंय, पण असं की नाव बदललं तर वर्गातल्या कोणाच्याही नावावर खपेल. हे मुख्यतः इथून इंजिनिअरिंग करून अमेरिकेत एमएसला अप्लाय करणाऱ्यांसाठी लिहितोय, बारावीनंतर यूकेला जाणाऱ्यांचं खाली वेगळं दिलंय.

प्रक्रिया तशी साधी आहे. फॉर्ममध्ये रेकमेंडरचं, म्हणजे पत्र लिहिणाऱ्याचं, नाव, पद आणि ईमेल भरायचा (बहुतेक ठिकाणी तीन जण, काही ठिकाणी दोन), पोर्टल त्यांना लिंक पाठवतं, ते चार प्रश्नांची उत्तरं देऊन पत्र अपलोड करतात, झालं. तुम्ही स्वतः पत्र अपलोड करायचं नसतं. लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र आणून फाइलला लावलं की काम झालं असं अजून पुष्कळ घरांत समजतात. काही कॉलेजांत तर एचओडींची सही, मग प्रिन्सिपलची सही, मग जावक क्रमांक असा सगळा सोहळा असतो. अहो, पोर्टलवर जावक क्रमांकाचा रकानाच नाहीये! लेटरहेड आणि सही हवीच, पण पत्र जायचं सरांच्या हातून, सरांच्या ईमेलवरून.

आणि इथेच पहिली गोम आहे. अनेक युनिव्हर्सिटी रेकमेंडरचा ऑफिशियल ईमेल मागतात, म्हणजे कॉलेजच्या डोमेनवरचा. आपल्याकडे प्राध्यापकांचा सगळा कारभार जीमेल आणि व्हॉट्सअॅपवर. कॉलेजचा आयडी असतो पण पासवर्ड कोणाला आठवत नाही, किंवा मेलबॉक्स भरलेला असतो आणि नवीन मेल येतच नाही. म्हणून नाव भरायच्या आधी सरांना त्या आयडीवर एक साधा टेस्ट मेल टाका आणि उत्तर आलं तरच तो आयडी फॉर्ममध्ये भरा. आयडी नसेलच तर कॉलेजच्या सिस्टीम अॅडमिनकडून काढून घ्यायला सांगा, हे सप्टेंबरमध्ये होतं, डिसेंबरमध्ये होत नाही. सर रिटायर झाले असतील किंवा कॉलेज सोडलं असेल तर युनिव्हर्सिटीच्या अॅडमिशन ऑफिसला आधीच मेल करून विचारा की पर्सनल आयडी चालेल का, विचारलं तर उत्तर मिळतं. लिंकचा मेल स्पॅममध्ये जातो हे तर धरूनच चाला. सरांना "मेल आला का" विचारू नका, "स्पॅम फोल्डर उघडून बघता का" असं विचारा.

सरांच्या नावाने स्वतःच जीमेल उघडून स्वतःच पत्र अपलोड करणारे महाभाग दर बॅचला असतात. करू नका. पकडलं गेलं तर अॅडमिशन मिळाल्यानंतरही रद्द होऊ शकते, आणि त्यात सरांचंही नाव खराब होतं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, पत्र पाहण्याचा हक्क सोडताय का. हा अमेरिकेतल्या १९७४ च्या फेर्पा कायद्यातून आलाय. तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं बघायचा हक्क आहे, त्यात हे पत्रही येतं. हक्क सोडण्याची सक्ती नाही, पण सोडला तर वाचणाऱ्याला वाटतं की शिक्षकाने मोकळेपणाने लिहिलंय. घाबरून "नाही" टिक करणारी मुलं बरीच. माझं मत विचाराल तर सोडा, आणि ज्या सरांवर तेवढा विश्वास नाही त्यांच्याकडे पत्र मागायलाच जाऊ नका.

आता कोणाकडून घ्यायचं. प्रिन्सिपल, डीन, ट्रस्टी, काकांच्या ओळखीतले कुठलेतरी व्हाइस चान्सलर, हे डोक्यातून काढा. पद जितकं मोठं तितकं पत्र पोकळ निघतं, कारण त्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलेलंच नसतं. बीईच्या प्रोजेक्टचे गाइड, ज्यांच्या विषयात तुम्ही खरोखर काही केलंत ते प्राध्यापक, आणि नोकरी करत असाल तर तिसरं पत्र मॅनेजरचं (आधी बघा, काही प्रोग्रॅमना तिन्ही अकॅडमिकच लागतात). असिस्टंट प्रोफेसर आहेत, पीएचडी अजून चालू आहे, म्हणून मॅडमना डावलू नका. लॅबमध्ये दोन वर्षं त्याच तुमच्या समोर उभ्या होत्या.

चांगलं पत्र कसं असतं ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्याकडचं नेहमीचं वाक्य: "विद्यार्थिनी प्रामाणिक, कष्टाळू आणि वक्तशीर आहे, तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा." यातून कोणाला काय कळणार? आता हे बघा: "फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये व्हेंचुरीमीटरची रीडिंग्ज अपेक्षेपेक्षा फार कमी येत होती. बाकीच्या ग्रुपांनी सीनियर्सच्या जर्नलमधून आकडे उतरवले. हिने मॅनोमीटरच्या नळीत हवा अडकलीय हे शोधलं, ती काढली आणि सगळी रीडिंग्ज परत घेतली, त्यासाठी तिला जेवणाची सुट्टी सोडावी लागली." आपल्या लॅबमध्ये जर्नल कसं पूर्ण होतं हे ज्याला माहितीये त्याला या चार ओळींची किंमत कळेल. आणि हे फक्त त्या मॅडमच लिहू शकतात, मार्कशीटवर हे कुठेच नसतं. बाकी पत्रात कोणत्या सेमिस्टरला कोणता विषय शिकवला, किती काळ ओळखतात, वर्गात साधारण कितवा नंबर, एखादी कमी बाजू आणि ती कशी सुधारली, एवढं आलं की एक-दीड पान भरतं. सीजीपीए परत लिहून जागा घालवू नये, तो ट्रान्स्क्रिप्टवर आहेच.

पत्राबरोबर एक तक्ताही असतो, विद्यार्थी टॉप ५ टक्क्यांत की टॉप १० की टॉप २५, असा प्रत्येक गुणासाठी. आपले सर मायेपोटी सगळीकडे सगळ्यात वरचं टिक करतात, लेखी इंग्रजीपासून नेतृत्वापर्यंत. माया कळते हो, पण पत्रात "मितभाषी आहे" आणि तक्त्यात नेतृत्व टॉप १, मग पत्रावरचाही विश्वास उडतो. "सांगता येत नाही" हा पर्यायही असतो, तो वापरला तर काही बिघडत नाही हे सरांना अदबीने सांगून ठेवा.

"ड्राफ्ट तूच करून आण, मी सही करतो." हे ऐकलं नाही असा विद्यार्थी सापडणं कठीण. सरांनाही दोष देववत नाही, साठ-सत्तर मुलं, प्रत्येकाच्या आठ युनिव्हर्सिटी, वर पेपर तपासणी. पण तिन्ही ड्राफ्ट तुम्हीच लिहिलेत की तिन्ही पत्रांचा आवाज एक येतो, तेच शब्द, तेच किस्से, आणि एसओपीशीही ते जुळतात. वाचणारे वर्षभर हेच वाचत असतात, त्यांना कळतं. त्यापेक्षा सरांना एक पान करून द्या: कोणता विषय, कोणतं सेमिस्टर, प्रोजेक्टमध्ये तुम्ही नक्की काय केलंत, काय बिघडलं होतं, आणि खाली युनिव्हर्सिटी आणि तारखांची यादी. मग सरांना म्हणा, इंग्रजी कसंही असू दे, तुमच्या शब्दांत लिहा. बहुतेक जण लिहितात, त्यांना फक्त आठवण करून द्यावी लागते.

तारखांचा घोळ वेगळाच. बऱ्याच डेडलाइन डिसेंबरच्या पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे नेमक्या आपल्या सेमिस्टर परीक्षांच्या दिवसांत. न्यूयॉर्क वेळेनुसार रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९, हे ठीक, पण ती फॉर्मची तारीख असते. पत्रांची तारीख काही ठिकाणी तीच असते, काही ठिकाणी वेगळी. शिवाय काही पोर्टल नाव सेव्ह करताच लिंक पाठवतात आणि काही तुम्ही फी भरून सबमिट केल्यावरच. दुसऱ्या प्रकारात शेवटच्या रात्री सबमिट केलंत तर सरांना लिंक मिळणार डेडलाइनच्या तोंडावर. सरांना सांगताना तारीख दोन आठवडे अलीकडची सांगा.

यूकेवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे यूकॅसवर (तिथल्या युनिव्हर्सिटींचं सामाईक अर्जाचं पोर्टल) एकच रेफरन्स, म्हणजे शिक्षकांचं शिफारसपत्र, तुम्ही निवडलेल्या सगळ्या पर्यायांना जातो, आणि सहसा तो आल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही. २०२४ च्या प्रवेशांपासून त्याचे तीन भाग झालेत: कॉलेजची माहिती, काही अडचण आली असेल तर ती, आणि अर्जाला पूरक बाकीचं, सगळं मिळून ४,००० कॅरेक्टर. बोर्डाचा निकाल लागलेला नसतो, म्हणून अपेक्षित मार्कही शिक्षकांनीच द्यायचे. घरचे आणि मित्र चालत नाहीत. खरी पंचाईत इंटिग्रेटेड कॉलेजवाल्यांची, मुलगा दोन वर्षं क्लासला आणि ज्युनियर कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला, मग मॅडम ओळखणार कोणाला? अकरावीतच एका तरी शिक्षकाकडे नियमित जात राहा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिनची तारीख १५ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. जानेवारीच्या डेडलाइनला घड्याळ बदललेलं असतं, तेव्हा तेच सहा म्हणजे साडेअकरा.

अमेरिकेच्या पोर्टलवर सबमिट झाल्यानंतरही प्रत्येक रेकमेंडरसमोर "रिसीव्हड" आलंय का ते बघत राहा, नसेल तर तिथेच रिमाइंडरचं बटण असतं. एखादे सर शेवटपर्यंत हाती लागलेच नाहीत तर बऱ्याच पोर्टलवर पत्र यायच्या आधी नाव बदलता येतं, त्यासाठी चौथ्या शिक्षकांना आधीच विचारून ठेवा. तेही नाही जमलं तर अॅडमिशन ऑफिसला मेल करा, दोन पत्रांवर फाइल पुढे जाईल का किंवा उशिरा आलेलं चालेल का. चार दिवस उशीर झाला तर खपवून घेणारे बरेच आहेत, पण त्यांना आधी कळवलेलं असलं तर.