माहीमच्या चर्चमध्ये अडून बसलेले बिशप

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला कोण गर्दी होते, हे मुंबईकरांना सांगायला नको. १८५३ साली याच चर्चला वेढा पडला होता आणि आत खुद्द बिशप अनास्तासियस हार्टमन अडून बसले होते. वेढा घालणारेही कॅथलिकच होते.

भांडण जुनं होतं. १६६१ च्या विवाह-करारात मुंबई इंग्रजांना मिळाली, तरी इथले पाद्री गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालीच राहिले. पूर्वेकडचे बिशप-पाद्री नेमण्याच्या, पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या या हक्काचं नाव पाद्रोआदो. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना घालवलं आणि रोमच्या प्रोपागांडा खात्याचे, म्हणजे पोपच्या धर्मप्रसार खात्याच्या हाताखालचे, कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले. मग कधी याची सरशी, कधी त्याची. शेवटी १७९४ मध्ये चर्चच वाटून टाकली. भुलेश्वरचं एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल रोमकडे. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वेशन (लोकांच्या तोंडी अजून ‘पोर्तुगीज चर्च’च) गोव्याकडे. मिस्सा तीच, प्रार्थनाही त्याच. वाद एवढाच, की फादर नेमायचा कुणी आणि चर्चच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला.

या धुमाळीत हार्टमन येऊन पडले. जन्म १८०३ चा, स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न प्रांतातला. कापुचिन संघाचे संन्यासी. १८४४ मध्ये भारतात आले, पाटण्याचे पहिले व्हिकार अपोस्टोलिक (रोमने थेट नेमलेले बिशप) झाले आणि तिथली घडी बसते न बसते तोच मुंबईचा कारभार गळ्यात पडला. १८५० मध्ये त्यांनी इथे कॅथलिक साप्ताहिक सुरू केलं. तेच आजचं ‘एक्झामिनर’.

तीन वर्षांत माहीमचा प्रश्न पेटला. धर्मग्रामातल्या एका गटाला गोव्याकडे जायचं होतं. हार्टमन चर्चमध्ये ठाण मांडून बसले. हौतात्म्य पत्करीन, पण चर्च सोडणार नाही, असं त्यांनी बजावलं. बाहेरच्यांनी रसद तोडली. पंधराव्या दिवशी सरकारने मध्ये पडून दार उघडायला लावलं. चर्च शेवटी गेलं ते पाद्रोआदोकडेच. म्हणजे एवढं करून बिशप हरले. त्याच वर्षी चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज मकावच्या बिशपांनी मुंबईत येऊन पाद्रोआदोच्या बाजूने विधी केले, तेव्हा पोप नववे पायस यांनी त्यांना आणि इथल्या चार पाद्र्यांना जाहीर तंबी दिली. त्यावरून लिस्बनच्या संसदेतही गदारोळ झाला.

मला विचाराल, तर माहीमचा हट्ट त्यांच्या कामाचा सगळ्यात कमी टिकाऊ भाग. मनुष्यबळ अपुरं आहे हे ओळखून त्यांनी जेझुइट संघाच्या पाद्र्यांना आणण्याचा जो पाठपुरावा केला, त्याने शहराला जास्त दिलं. १८५८ पर्यंत मुंबईचं मिशन जेझुइटांकडे गेलं आणि १८६९ मध्ये त्यांचं सेंट झेवियर्स कॉलेज उभं राहिलं. हार्टमन १८६० मध्ये पुन्हा पाटण्याला गेले आणि १८६६ मध्ये तिकडेच पटकीने वारले.

मुंबईतली दुहेरी सत्ता मात्र पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १९२८ च्या करारापर्यंत चालली. त्यातही तोड निघाली ती अशी, की आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, असे पाळीपाळीने नेमायचे. त्याप्रमाणे आधी लिमा आले, आणि १९३७ मध्ये रॉबर्ट्स.